दहा आठवडे, सहा सामने, शून्य गोल : ब्रेइदाब्लिकची 2021 मधली चॅम्पियन्स लीग

ऑगस्ट आणि सप्टेंबर 2021 मध्ये आइसलँडच्या ब्रेइदाब्लिक या महिला फुटबॉल संघाने युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत चार सामन्यांत 19 गोल केले. त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या गटसाखळीत याच संघाला सहा सामन्यांत एकही गोल करता आला नाही. 18 गोल खाल्ले, गुण मिळाला एकच.

पॅरिस सेंट-जर्मेन आणि रेआल माद्रिदसमोर एवढ्याशा देशाचा संघ दुसरं काय करणार, हे लगेच सुचणारं स्पष्टीकरण. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. गटातला तिसरा प्रतिस्पर्धी होता युक्रेनचा झिटलोबुद-1 खार्किव. त्या संघाशी दोन सामने झाले आणि दोन्हींत मिळून ब्रेइदाब्लिकला गोल करता आला नाही. तिथे दर्जातली तफावत पुरेसं उत्तर देत नाही. आमच्या मते उत्तर लीगच्या वेळापत्रकात आहे, आणि छोट्या देशाची लीग चालवणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

लीग कशी आहे

आइसलँडची लोकसंख्या तेव्हा पावणेचार लाखांच्या आत होती, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेपेक्षाही कमी. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. महिलांची राष्ट्रीय लीग 1972 पासून आहे. पहिलं विजेतेपद एफएच या क्लबने जिंकलं. ब्रेइदाब्लिक हा राजधानी रेक्याविकला लागून असलेल्या कोपावोगुरचा क्लब. त्याने 1977 मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली आणि 2020 चं विजेतेपद हे अठरावं. गटातला रेआल माद्रिदचा महिला संघ या नावाने अधिकृतपणे सुरू झाला तो 2020 च्या जुलैत. इतिहास कुणाचा मोठा हे वेगळं सांगायला नको, आणि त्याचा फायदा किती झाला हेही.

वरच्या श्रेणीत दहा संघ. प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक सामना, असे 18 सामने. हंगाम मेच्या सुरुवातीला उघडायचा आणि सप्टेंबरच्या मध्याला मिटायचा. ऑक्टोबर सुट्टीचा. नोव्हेंबरपासून हळूहळू सराव, मग जानेवारीत रेक्याविकची स्थानिक स्पर्धा आणि फेब्रुवारीपासून लीग चषक. हे वेळापत्रक हवामानाने ठरवून दिलं आहे. डिसेंबरमध्ये रेक्याविकला सकाळी अकराच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी साडेतीनला अंधार पडतो. वाऱ्यामुळे देशांतर्गत विमानं रद्द होतात, वेस्टमन बेटांकडे जाणारी बोट अडकते. अशा वेळी उत्तरेकडच्या अकुरेरी शहरात किंवा त्या बेटांवर जाऊन सामना खेळायचा, तर सामन्यांपेक्षा पुढे ढकलल्याच्या सूचनाच जास्त निघतील.

युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीग शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतात, आणि चॅम्पियन्स लीग त्याच तालावर चालते. 2021–22 च्या आधी या स्पर्धेत थेट बाद फेऱ्या असायच्या. आइसलँडचा संघ ऑक्टोबर, फार तर नोव्हेंबरपर्यंत टिकायचा, एखाद्या बड्या क्लबकडून हरायचा आणि मंडळी सुट्टीवर जायची. 2019 च्या ऑक्टोबरात ब्रेइदाब्लिकचं हेच झालं होतं, समोर हेच पॅरिस: घरी 0–4, तिकडे 1–3. पहिल्यांदा 16 संघांची गटसाखळी आली ती 2021–22 मध्ये. तिच्यात पोहोचणारा आइसलँडचा पहिला संघ ब्रेइदाब्लिक, आणि त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापर्यंत खेळण्याची वेळ आलेलाही तोच पहिला.

तिकीट एका संघाचं, प्रवास दुसऱ्याचा

2020 चा हंगाम करोनामुळे अर्ध्यावर थांबला. 30 ऑक्टोबरला आइसलँडच्या फुटबॉल महासंघाने तो संपल्याचं जाहीर केलं आणि प्रति सामना गुणांच्या हिशेबाने तक्ता कायम केला. ब्रेइदाब्लिकचे 15 सामन्यांत 42 गुण होते, रेक्याविकच्या वालुर क्लबचे 16 सामन्यांत 40. विजेतेपदासोबत 2021–22 च्या चॅम्पियन्स लीगचं तिकीट आलं.

तिकिटावरची तारीख मात्र पुढच्या ऑगस्टची होती, आणि मधल्या दहा महिन्यांत संघ पांगला. स्वेनदिस जेन योन्सदोत्तिर वोल्फ्सबुर्गला गेली. कारोलीना लेआ विल्ह्याल्म्सदोत्तिर बायर्न म्युनिकला, अलेक्सांद्रा योहान्सदोत्तिर फ्रँकफुर्टला. बेर्गलिंड ब्योर्ग थॉरवाल्ड्सदोत्तिर तर 2020 चा हंगाम चालू असतानाच फ्रान्समधल्या ले आव्रला गेली होती. 2018 आणि 2020 ची विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक थॉर्स्टेन हाल्डोरसन जानेवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले.

उन्हाळी हंगामाच्या प्रत्येक लीगला हा फटका बसतो. आइसलँडचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात संपतो आणि जर्मनी, फ्रान्स, इटलीच्या क्लबांची हिवाळी खरेदी जानेवारीत होते. खेळाडू मोकळी असते, फॉर्म ताजा असतो, भावही बेताचा असतो. जिने तिकीट मिळवून दिलं, ती प्रवासाच्या दिवशी संघात असेलच याची खात्री नाही.

बरं, त्या विक्रीतून पैसा तरी यावा. स्वेनदिस 2020 मध्ये केफ्लाविक क्लबकडून उसनी आलेली होती, त्यामुळे तिच्या व्यवहारात ब्रेइदाब्लिक विकणारा क्लब नव्हताच. आणि एक नियम इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये तरुण खेळाडू पहिल्यांदा परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करतो, तेव्हा त्याला घडवणाऱ्या क्लबांना फिफाच्या नियमांनुसार प्रशिक्षण भरपाई मिळते. महिला फुटबॉलला ही तरतूद फिफाच्या नियमावलीतूनच वगळलेली होती. उरतो तो एकजुटीचा हिस्सा: बदलीच्या रकमेच्या पाच टक्के, 12 ते 23 या वयात खेळाडू ज्या क्लबांत होती त्यांच्यात वाटून. पण पाच टक्के कशाचे? करार संपल्यावर खेळाडू गेली, तर बदलीची रक्कम शून्य आणि तिचे पाच टक्केही शून्य. म्हणून छोट्या लीगमध्ये करार किती वर्षांचा आहे ही बाब पगाराच्या आकड्याइतकीच महत्त्वाची ठरते. विजेतेपदाच्या वर्षी ज्यांचे करार संपणार आहेत, त्यांच्याशी हंगाम सुरू होण्यापूर्वीच बोलणी व्हायला हवीत. ट्रॉफी हाती आल्यावर भाव क्लबच्या हातात राहत नाही.

त्यात अमेरिकन विद्यापीठांची भर. तिथला महाविद्यालयीन हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो. शिष्यवृत्तीवर गेलेल्या आइसलँडच्या मुली ऑगस्टच्या सुरुवातीलाच निघतात, घरची लीग ऐन रंगात असताना. प्रशिक्षकाला मेमध्ये एक संघ उभा करावा लागतो आणि ऑगस्टमध्ये दुसरा.

ऑगस्टची कमाई

तरीही पात्रता फेरी दणक्यात झाली. लिथुआनियात फेरो बेटांच्या केआय क्लाक्सविकवर 7–0, मग यजमान गिंत्रावर 8–1. सप्टेंबरमध्ये क्रोएशियाच्या ओसियेकशी तिकडे 1–1 आणि घरी 3–0.

हे निकाल वाचताना तारखांकडेही पाहायला हवं. आइसलँडच्या संघाचे ऑगस्टपर्यंत डझनभर सामने झालेले असतात. शरीर तयार, संघ जुळलेला. समोरचा संघ हिवाळी लीगमधला असेल, तर तो नुकताच सुट्टीवरून परतलेला असतो. ओसियेकच्या बाबतीत हा फायदा नक्कीच होता. क्लाक्सविक आणि गिंत्रा मात्र स्वतःही उन्हाळी लीगचे, तिथे ब्रेइदाब्लिक निखळ दर्जावर जिंकलं. म्हणजे हा संघ कच्चा नव्हता. ज्या वेळापत्रकाने ऑगस्टमध्ये झुकतं माप दिलं, त्यानेच नोव्हेंबरमध्ये ते व्याजासकट वसूल केलं.

ऑक्टोबर ते डिसेंबर

लीग सप्टेंबरच्या मध्याला संपली. 2021 चं विजेतेपद वालुरकडे गेलं. 1 ऑक्टोबरला राष्ट्रीय चषकाची अंतिम लढत झाली आणि ब्रेइदाब्लिकने थ्रोत्तुरला 4–0 हरवलं. घरचं स्पर्धात्मक फुटबॉल इथे संपलं. पुढचे सामने असे:

6 ऑक्टोबर, घरी, पॅरिस सेंट-जर्मेन: 0–2
13 ऑक्टोबर, माद्रिद, रेआल माद्रिद: 0–5
9 नोव्हेंबर, खार्किव, झिटलोबुद-1: 0–0
18 नोव्हेंबर, घरी, झिटलोबुद-1: 0–2
8 डिसेंबर, घरी, रेआल माद्रिद: 0–3
16 डिसेंबर, पॅरिस, पॅरिस सेंट-जर्मेन: 0–6

पॅरिसविरुद्धचे दोन निकाल बाजूला ठेवू. त्या संघाने गटातल्या सहा सामन्यांत 25 गोल केले आणि एकही खाल्ला नाही. रेआललाही त्यांच्यासमोर दोन्ही वेळा हात हलवत परतावं लागलं. उलट पहिल्या सामन्यातला 0–2 हा निकाल बरा म्हणावा लागेल, कारण चषकाची अंतिम लढत पाचच दिवसांपूर्वी झालेली होती आणि संघ अजून सामन्याच्या लयीत होता.

आता दोन सामन्यांमधलं अंतर पाहा. 13 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर म्हणजे 27 दिवस. 18 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर म्हणजे 20 दिवस. या काळात घरच्या मैदानावर लीग नाही, चषक नाही. खार्किवची स्वतःची लीग मात्र चालू होती. ब्रेइदाब्लिकमधून राष्ट्रीय संघात निवडल्या गेलेल्यांना ऑक्टोबरच्या अखेरीस चेक प्रजासत्ताक आणि सायप्रसविरुद्ध पात्रता सामने मिळाले. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त सराव. एकाच संघात दोन प्रकारची शरीरं तयार झाली: एक सामन्यांची सवय असलेलं, दुसरं नुसतं धावलेलं. भरीस भर म्हणून गटसाखळी चालू असतानाच प्रशिक्षकपदाची सूत्रं विल्ह्याल्मुर कारी हाराल्डसन यांच्याकडून आस्मुंडुर आर्नारसन यांच्याकडे गेली. नव्या प्रशिक्षकाला आपली पद्धत रुजवायला जे साधे सामने लागतात, ते कॅलेंडरमध्ये नव्हतेच.

सराव कितीही कडक केला तरी सामन्याची जागा घेत नाही. दम टिकून राहतो. चार आठवड्यांत तो फारसा उतरत नाही. आधी जातो तो अंदाज: चेंडू पायाशी येण्यापूर्वी मान वळवून पाहणं, बचावफळीने एकत्र पुढे सरकण्याची वेळ, पेनल्टी क्षेत्रातला तो अर्धा सेकंद. गोल करण्याचं काम याच गोष्टींवर सर्वाधिक अवलंबून असतं. म्हणूनच 27 दिवसांच्या खंडानंतर खार्किवमध्ये बचाव टिकला आणि गोल मात्र झाला नाही, यात आम्हाला नवल वाटत नाही. नऊ दिवसांनी घरी जिंकायलाच हवं होतं, म्हणून संघाला पुढे सरकणं भाग होतं. तिथे दोन गोल बसले.

दुसरं कारण लीगच्या आतलं. दहा संघांच्या छोट्या लीगमध्ये अव्वल संघ बहुतेक सामने चेंडू स्वतःकडे ठेवून खेळतो. बचावात खोल उभं राहायचं, वीस मिनिटं चेंडूला पाय न लावता ओळ मोडू द्यायची नाही आणि मग मिळालेल्या एकमेव संधीवर चौघींनी धाव घ्यायची, ही त्याची रोजची भाषा नसते. गटसाखळीत हीच भाषा बोलावी लागते, आणि ती शिकायला वर्षाकाठी वालुरविरुद्धचे दोन सामने पुरत नाहीत. त्यातलाही एक, मे 2021 मधला, ब्रेइदाब्लिकने घरच्या मैदानावर 3–7 असा गमावला होता.

बर्फातलं मैदान

8 डिसेंबरचा रेआलविरुद्धचा सामना बर्फ पडत असताना झाला. कोपावोगुरच्या मैदानावर 2019 पासून कृत्रिम गवत आहे, म्हणून तो होऊ शकला. आइसलँडमधल्या अशा बऱ्याच मैदानांखाली नळ्यांचं जाळं असतं. जमिनीतून काढलेलं गरम पाणी आधी घरांच्या रेडिएटरमधून फिरतं आणि 30–35 अंशांवर उतरलं की वाहून न घालवता मैदानाखालून नेतात. गोठलेला थर यामुळे सुटतो. पण ही व्यवस्था संथ असते. बर्फाचा जोर जास्त असेल, तर वरून पडणारा थर खालच्या उष्णतेपेक्षा वेगाने साचतो. म्हणून गरम पाणी सामन्याच्या दिवशी सोडून उपयोग नाही. अंदाज आला की आदल्या दिवसापासून सोडून ठेवावं लागतं.

बर्फ काढतानाही घाई नडते. लोखंडी पातं थेट गवतावर टेकवलं, तर गवताची पाती उपटली जातात आणि त्यांच्यामधले रबराचे कण बर्फासोबत मैदानाबाहेर जातात. लोखंडी पात्याला रबरी कड लावून एक-दोन सेंटिमीटरचा थर मागे ठेवायचा आणि तो फिरत्या ब्रशने काढायचा. सामना सुरू झाल्यावर फक्त रेषा आणि पेनल्टी क्षेत्र मोकळं ठेवता येतं, तेही हातातल्या फावड्याने. चेंडू रंगीत घ्यावा लागतो. जमिनीलगतचा पास अडखळतो, त्यामुळे घरच्या संघाला फायदा होईल असं पाहणाऱ्याला वाटतं. पण रेआलच्या पहिल्या स्पर्शाचा दर्जा असा की त्यांनी तिथेही तीन केले.

पैशाचा हिशेब

गटसाखळीत पोहोचणाऱ्या प्रत्येक संघाला किमान 4,00,000 युरो ठरलेले होते. विजयाला 50,000 आणि बरोबरीला 17,000. खार्किवच्या त्या गोलशून्य बरोबरीसह ब्रेइदाब्लिकचे 4,17,000 युरो होतात, तेव्हाच्या दराने साडेतीन कोटी रुपयांच्या वर. युरोपातल्या बड्या क्लबसाठी ही रक्कम किरकोळ. पण ज्या लीगमधल्या अनेकजणी दिवसा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सरावाला येतात, तिथे एका क्लबला एका शरद ऋतूत एवढा पैसा मिळाला तर लीगचा तोल जाऊ शकतो. यूएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, त्या वर्षी एकूण 2.4 कोटी युरोंपैकी सुमारे 23 टक्के रक्कम स्पर्धेत नसलेल्या क्लबांसाठी बाजूला काढली होती, ती याच भीतीपोटी. तोल सावरायला ती पुरेशी आहे असं आम्हाला वाटत नाही. निदान दिशा बरोबर आहे.

अशा शरद ऋतूची आखणी

पहिलं काम मे महिन्यातलं. पात्र ठरलो तर डिसेंबरपर्यंत खेळावं लागेल, हे गृहीत धरून प्रत्येक करारात मुदतवाढीचं कलम हवं. परदेशी खेळाडूंचे करार अनेकदा हंगामापुरते असतात. सप्टेंबरमध्ये बोलायला बसलं तर ती विमानतळावर असते. नोकरी करणाऱ्यांच्या रजाही तेव्हाच मागायला हव्यात, कारण बाहेरच्या एका सामन्यासाठी प्रवास धरून तीन ते चार दिवस जातात.

दुसरं, मोठा खंड नुसत्या सरावाने भरू नये. 27 दिवसांत पहिले चार-पाच दिवस पूर्ण विश्रांती. मग दहाव्या दिवसाच्या आसपास मुलांच्या 16 वर्षांखालील संघाशी 60 मिनिटांचा सामना. शारीरिक ताकद आणि वेग यांचा मेळ तिथे बऱ्यापैकी बसतो. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी तसाच आणखी एक. तिसरा, पूर्ण 90 मिनिटांचा, खऱ्या सामन्याच्या सहा-सात दिवस आधी, आणि तो देशाबाहेरच्या महिला संघाशी. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेच्या लीग नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तरी चालू असतात आणि केफ्लाविक विमानतळाहून कोपनहेगन तीन तासांच्या उड्डाणावर आहे. घरचे प्रतिस्पर्धी शोधण्यात अर्थ नाही, ते सगळे सुट्टीवर असतात. राष्ट्रीय संघातून परतलेल्यांना 60 मिनिटांच्या सामन्यांतून वगळावं आणि त्या जागा ज्यांना खेळ मिळालेला नाही त्यांना द्याव्यात. हे वाचायला साधं वाटतं, पण नव्या प्रशिक्षकाला नेमका मुख्य संघच एकत्र पाहायचा असतो आणि तो सगळ्यांना खेळवतो.

तिसरं, प्रशिक्षक बदलायचाच असेल तर डिसेंबरनंतर.

लीगने नंतर काय केलं

2023 पासून महिलांची वरची श्रेणी 18 फेऱ्यांनंतर दोन भागांत विभागली जाते. वरच्या सहा संघांचे आपापसांत आणखी पाच सामने, खालच्या चारांचे तीन. आधीचे गुण तसेच पुढे येतात. म्हणजे वरच्यांचे 23 सामने आणि खालच्यांचे 21. हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत लांबला आणि शेवटचे पाच सामने तगड्या संघांशी होऊ लागले. 2024 मध्ये विजेतेपद 5 ऑक्टोबरला, वालुर आणि ब्रेइदाब्लिक यांच्यातल्या शेवटच्या लढतीत ठरलं. 0–0 बरोबरी ब्रेइदाब्लिकला पुरली.

यामुळे चेंडू नसताना खेळण्याची सवय थोडी वाढेल. मोठ्या खंडाचा प्रश्न मात्र तीन-चार आठवड्यांनी पुढे सरकला, सुटला नाही. शिवाय ज्या वालुरने पुढची दोन वर्षं आइसलँडचं प्रतिनिधित्व केलं, तो गटसाखळीच्या उंबरठ्यावरच अडला: 2022 मध्ये स्लाविया प्रागकडून दोन सामन्यांत मिळून 0–1, 2023 मध्ये ऑस्ट्रियाच्या सांक्ट प्योल्टनकडून घरी 0–4 आणि मग तिकडे जाऊन 1–0 असा उशिराचा विजय. 2025–26 पासून यूएफाने युरोपा कप ही महिलांची दुसरी स्पर्धा सुरू केली आहे. चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत अडलेल्या संघांना तिच्यात जागा मिळते आणि तिच्या फेऱ्याही शरद ऋतूतच पडतात. म्हणजे 2021 मध्ये एकदाच आलेला रिकामा नोव्हेंबर आता आइसलँडच्या एखाद्या संघापुढे दर वर्षी उभा राहू शकतो.